एका रेघेचा साचा

आमच्या घरात राहायच्या खोल्या दोन आणि दातांची एक. दातांच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. खिडकीखाली लांब ओटा, ओट्यावर पॉलिशचं यंत्र, मेण वितळवायचा दिवा आणि प्लास्टरची पांढरी धूळ, जी सकाळी पुसली की संध्याकाळी पुन्हा हजर. शहरातले पाच-सहा दवाखाने आमच्याकडे काम पाठवतात. कुणाचा एकच दात पडलेला असतो, त्याला शेजारच्या दोन दातांवर टेकणारा ब्रिज लागतो. कुणाच्या हाडात डॉक्टरांनी स्क्रू बसवलेला असतो, त्यावर चढवायचा दात आम्ही करतो. कुणाचं सगळंच गेलेलं असतं, त्याला पूर्ण कवळी. आम्ही म्हणजे आधी नुसते बाबा, मग बाबा आणि मी, आणि गेल्या आठ महिन्यांपासून नुसती मी.

बाबांनी केलेले दात ओळखू येत नसत, हीच त्यांची ख्याती. त्यांच्याकडे सोळा छटांची पट्टी होती. सगळ्यांत पांढऱ्या छटेवर बोट ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते विचारत, तोंडात बसवायचाय की बाथरूमच्या भिंतीला? एका विम्याच्या एजंटानं दवाखान्यात जाऊन स्वतःचे दात उजळून घेतले आणि मग मधली जुनी कॅप पिवळी दिसायला लागली म्हणून तो रडकुंडीला आला. बाबांनी त्याला नवी कॅप करून दिली आणि तो गेल्यावर म्हणाले, "हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. ह्याचे गप्प बसला तरी दिसतात."

ह्यावर आई आतून हसायची. आईचं हसू मोठं होतं, दारापर्यंत ऐकू जाणारं. तिच्या वरच्या कवळीतले दात बाबांनीच लावले होते, एकेक, तीन दिवस खपून. स्वतःची वरची कवळीही त्यांनी स्वतःच केली होती.

बाबा गेले त्या आठवड्यात आईची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. ती मुद्दाम पाडली असं मी म्हणत नाही. पण तुकडे तिनं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, मला दाखवलेही नाहीत. नवी करू म्हटलं तर म्हणायची, "कुणासाठी लावू?"

मग ती दुधात बुडवलेल्या पावावर राहिली. पुढे पावही नको झाला. बोलताना तोंडावर हात धरायची, म्हणून बोलणं कमी झालं. हसणं तर नव्हतंच. सात महिन्यांत तिचं वजन अकरा किलोंनी उतरलं. आमची नेहमीची दातांची डॉक्टरीणबाई घरी येऊन तिला बघून गेली आणि जिन्यात मला म्हणाली, "तिला चावायला लाव. नाहीतर ती अशीच विरघळून जाईल." जिन्यात बोललेलं नेहमी खरं असतं.

माप घ्यायला आई तयार होईना. मापाचा चमचा तोंडात घातला की तिला उमासे येत. शेवटी मी जुना साचा वापरायचं ठरवलं. फळीवर बाबांनी घरच्यांचे जादाचे साचे जपून ठेवले होते. दवाखान्यांच्या साच्यांवर ते नाव आणि तारीख घालत, पण घरच्यांना काय नाव घालायचं, म्हणून तळाला पेन्सिलीची रेघ. स्वतःच्या साच्याला एक, आईच्या साच्याला दोन. आईचा साचा कायम उजव्या हाताला.

मी उजव्या हाताचा उचलला. उलटून तळ बघायला दोन सेकंद लागतात. मी बघितलं नाही.

आणखी एक आगाऊपणा केला. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात लावून तोंडात बसवून बघायचे, ही बाबांची सक्त ताकीद. आई म्हणाली, "एकदाच काय ते आण. सारखं सारखं नको." ती एवढं सलग वाक्य बोलली ह्याचाच मला आनंद झाला आणि मी ऐकलं.

कवळी पक्की झाली की भोवतीचं प्लास्टर फोडूनच ती बाहेर काढावी लागते. साचाही त्यात तुटतो. मी हलक्या हातानं ठोकत होते. तळाचा तुकडा निघून ओट्यावर उलटा पडला. त्यावर एक रेघ होती.

फळीवर डावीकडचा साचा उलटून पाहिला. दोन रेघा. बाबा गेल्यावर आईनंच एकदा फळी पुसली होती, हे मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्याच्या तोंडाची कवळी कुणाला बसत नाही. शेकडो तोंडं बघून सांगते आहे. टाळूच्या पुढच्या भागात कातडीच्या वळ्या असतात, त्या बोटांच्या ठशांसारख्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. बाबांचा जबडा आईपेक्षा तीन मिलिमीटर रुंद. मी ती गुलाबी, चकचकीत, संपूर्ण निरुपयोगी वस्तू वाटीत पाण्यात टाकली आणि हात धुवायला गेले. परत आले तर आई आरशासमोर उभी. वाटी रिकामी.

"छान बसली गं," ती म्हणाली. मग तिनं जबडा दोनदा मिटला, उघडला, आणि आरशाकडे बघून हसली. मोठ्यानं. 

खरं सांगायला हवं होतं. पण त्या दुपारी तिनं ताटभर जेवण केलं आणि वर विचारलं, "संपलं?"

नवी कवळी तीन दिवसांत कुठे ना कुठे टोचतेच. गिऱ्हाईक गाल धरून येतं, मग आम्ही घासून देतो. आईला काहीच टोचलं नाही. मी स्वतःला समजावलं की तिच्या हिरड्या खंगल्या होत्या, आकार बदलला असेल, योगायोगानं जमलं असेल. योगायोग नसतात असं थोडंच आहे.

तीन आठवडे आमच्या घरात सण नसताना सणासारखे गेले. आई स्वयंपाक करू लागली, शेजारणींना बोलवू लागली. मावशी आली, आईकडे बघून तिनं नाकावरचा चष्मा वर केला आणि मला विचारलं, हिला दात बसवलेस की अक्कलदाढ? आई त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मावशी पाठ चोळता चोळता स्वतः रडायला लागली. चार किलो वजन परत आलं.

ती शीळही घालू लागली. शीळ बाबा घालत. आईला कधी जमली नव्हती. समोरच्या दातांची ठेवण रुंद झाली की हवा वेगळी जाते, ह्याला कारण आहे. ती बाबांचे विनोद सांगू लागली, गिऱ्हाइकांच्या नकलांसकट. चाळीस वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकलेले, ह्यालाही कारण आहे.

एका सकाळी ती दातांच्या खोलीत आली. सहसा ती उंबऱ्यापाशीच थांबे. मी एका शिक्षिकेच्या समोरच्या दातावर काम करत होते. आईनं तो उचलला, खिडकीकडे धरला, मान थोडी तिरकी केली.

"एक छटा गडद कर, उस्ताद," ती म्हणाली. "कडेला जरा निळसर."

मी पट्टी काढून पाहिलं. ती म्हणत होती तसंच हवं होतं. उस्ताद मला बाबा म्हणत. आई मला कधीच नाही, ती थट्टेत, सारखी टाकी घेऊन ठोकत असते म्हणून, टाकीणबाई म्हणायची.  आई शीळ घालत निघून गेली. माझ्या हातांवर काटा आला होता आणि तरी, कबूल करते, मला फार बरं वाटलं होतं. आठ महिन्यांनी कुणीतरी माझं काम तपासलं होतं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईकडे जाऊन सगळं सांगितलं. चुकीच्या साच्यावरची कवळी कितीही बरी बसली तरी वर्षभरात हाड झिजवते. आईनं आत्ताच तर खायला सुरुवात केली होती. ती पुन्हा बंद व्हायला नको होती. डॉक्टरीणबाईनं मला दोन शिव्या दिल्या, मग म्हणाली, घेऊन ये तिला.

ह्यावेळी आईनं निमूट माप दिलं. एक उमासा नाही. मी घरी आणून त्यात प्लास्टर ओतलं. अर्ध्या तासानं साचा सुटला. मी तो खिडकीत धरला.

टाळूच्या वळ्या आईच्या नव्हत्या.

दोन रेघांचा साचा शेजारी ठेवला. मग कंपासनं रुंदी मोजली. तीनदा मोजली. तुटलेल्या साच्याचे तुकडे मी टाकले नव्हते. ते जुळवून ठेवले. डावीकडची दुसरी वळी मध्येच दुभंगते, तिसरी आखूड आहे. दोन्हीकडे तशीच.

मी डॉक्टरीणबाईला फोन केला. तिनं कारण सांगितलं: कातडी मऊ असते, कवळीच्या आतल्या बाजूचा ठसा तिच्यावर उमटतो. दोन दिवस कवळी काढून ठेवायची, कातडी मूळ जागी येते, मग पुन्हा माप. आणि रुंदीचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी माप घेऊ.

आईला मी एवढंच म्हटलं की हिरड्यांना विश्रांती हवी. तिनं कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. अजून ऊबदार होती.

पहिला दिवस मला सोसला नाही. आई खिडकीशी बसून राहिली, तोंड मिटून. सूप पुढे केलं, दोन चमचे प्यायली, वाटी सरकवली. काही विचारलं तर मान हलवायची. आधीचे सात महिने एका दिवसात परत येऊन घरात बसले. मनात आलं, हाड झिजायचं तेव्हा झिजेल, द्यावी परत. मग वाटलं, एकच दिवस उरलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन ओट्यावर आलं होतं. मी कवळी वाटीतून काढली आणि मऊ ब्रशनं पुसत बसले. नुसतं बसवत नव्हतं म्हणून. चौदा दात. मीच लावलेले, तेही आता मोजून पाहिले.

स्वयंपाकघरातून आवाज आला.

करकरीत. मग चावण्याचा. मग पुन्हा.

मी उठले नाही. आईच्या चपला फरशीवरून येताना ऐकू आल्या. ती दारात उभी राहिली. गालांवर रंग होता, डोळे हसत होते. तिनं हात पुढे केला.

हातात सफरचंद होतं, साल न काढलेलं. तीन मोठे घास घेतलेले. खालच्या दातांच्या खुणा ओळखीच्या होत्या, ते तिचे स्वतःचेच आहेत.

वरच्या बाजूलाही खुणा होत्या. स्वच्छ, खोल, ओळीत.

कवळी माझ्या डाव्या हातात होती. ओली.

आईनं मानेनंच खूण केली, घे. मी घेतलं. ती घास चावत होती, सावकाश, मनापासून. मग गिळून, ओठ मिटूनच, ती माझ्याकडे बघून हसली.

मी सफरचंदाचा तुकडा तोडला. गोड होतं. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहून ते संपवलं, एक घास तिचा, एक माझा, आणि मला इतकं सुखाचं काही फार दिवसांत घडल्याचं आठवत नव्हतं.

मी तिला तोंड उघडायला सांगितलं नाही.