पुढची तारीख

तडजोडनामा टेबलावरून नाहीसा झाला, आणि मध्यस्थांनी वरच्या मजल्यावरच्या गुप्तहेर बाईंना हाक मारली.

"अकरा वर्षांचा दावा हो, बाई! बापाच्या घरावरून भाऊ-बहीण भांडतायत. आज कसेबसे राजी झाले. बहिणीची सही झाली, भावाची राहिली. मुद्रांकाचा कागद आता उद्याच मिळणार, आणि बहीण आज संध्याकाळी मुलाकडे परदेशी चाललीय, कायमची. आज जमलं नाही तर दावा परत कोर्टात."

"खोलीत एकटं कोण होतं?"

"तिघंही, पाळीपाळीने. मी उरलेल्या दोघांशी शेजारच्या खोलीत बोलत होतो. भाऊ, बहीण, भावाचा वकील."

"वकीलच!" बाईंबरोबर आलेले मास्तर पुटपुटले. "तारखा वाढल्या की यांची चांदी."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आधी विचारू तर द्या."

वकील वैतागलेलाच होता. "फी एकरकमी घेतली, ती कधीच संपली. आज सुटणार होतो मी! नवा कागद कुठे मिळेल का?"

बहीण दारातच उभी होती. "सापडला का? सामान गाडीत आहे माझं."

"हिनेच मन बदललं असेल," मास्तर कुजबुजले.

म्हातारा भाऊ बाकावर बसला होता, शेजारी थर्मास आणि दोन कप. घरी तो एकटाच, बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

"दोन कप? कोणी यायचंय का?" मास्तरांनी विचारलं.

"सवय आहे." मग त्याने बाईंकडे पाहिलं. "पुढची तारीख कधीची मिळेल?"

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं.

"या चोरीने घर कुणालाच मिळत नव्हतं. मिळत होती ती फक्त तारीख. वकिलांना ती नको होती, बहिणीला तर मुळीच नको. त्या दोघांनी कागदाची चौकशी केली. तारखेची एकानेच केली. दावा चालू राहिला असता तर बहिणीला परदेशातून यावं लागलं असतं. बाकी तिला इथे यायला कारणच उरलं नव्हतं. दर तारखेला दुसरा कप तिच्यासाठीच यायचा ना, आजोबा?"

म्हाताऱ्याने सदऱ्यातून घडी केलेला कागद काढला. "घेतला नाही तिने कधी. पण तारखेला दिसायची तरी."

मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

"दादा, एक फोन केला असतास तर मी दावाच मागे घेतला असता रे!"

"उचलला असतास?"

त्याने सही केली. खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा दोघं एकमेकांना धरून रडत होती, आणि 'थांब' हा शब्द काही कुणाच्या तोंडून निघाला नाही.