चकचकीत नळीचं कोडं

आबांनी पेटीतून पेन काढलं आणि चार्वीच्या हातात ठेवलं. चार्वीने एका हाताने लाकूड धरलं आणि दुसऱ्या हाताने आतली पितळी नळी पिरगळून पाहिली. नळी गर्रकन फिरली. जरा ओढली, तर सुळकन बाहेरच आली.

"परत तेच!" चार्वीचा आवाज रडवेला झाला. "आबा, हा गोंद तर लोखंडाला लोखंड चिकटवतो. मग बोटभर नळी का धरवत नाही त्याला?"

आबा म्हणजे चार्वीच्या आईचे वडील, दत्ताराम चितारी. सावंतवाडीत त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची खेळणी कातली जायची. आबा मात्र शिकून शास्त्रज्ञ झाले आणि अवकाशयानांचे भाग चिकटवणारे गोंद शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आता निवृत्त होऊन ते पुन्हा वडिलांच्या लेथवर, लाकूड कातायच्या यंत्रावर, बसले होते. पण त्यांचे हात थरथरत, म्हणून बारीक काम बारा वर्षांच्या चार्वीकडे आलं होतं.

हे पेन आईसाठी होतं. आई वनस्पतिशास्त्रज्ञ. चंद्रावरच्या तळावर भाजीपाला पिकवायला ती वर्षभरासाठी निघाली होती. घरून शंभर ग्रॅमची एकच वस्तू न्यायची परवानगी होती, आणि आईने मागितलं होतं चार्वीच्या पाळण्याच्या लाकडाचं पेन. तो पाळणा आबांनीच घडवला होता. पुढे त्याला वाळवी लागली आणि शिवणीच्या झाडाच्या लाकडाचे तीन चांगले ठोकळे तेवढे उरले. त्यातले दोन आता वाया गेले होते. उद्या चार वाजता टपालाचं ड्रोन येणार होतं, आणि यानाचा नियम कडक होता: आपोआप सुटणारा भाग असलेली वस्तू चालणार नाही. प्रवासात वजन नसतं, सुटा तुकडा तरंगत जाऊन एखाद्या यंत्रात शिरला तर काय घ्या!

"पेन नाहीच गेलं तर आई रिकाम्या हातानेच जाणार," चार्वी म्हणाली आणि तिने पटकन तोंड फिरवलं.

"यजमान रडू नयेत, पंगत अजून उठलेली नाही," कोपऱ्यातून खटपट्या म्हणाला. खटपट्या हा यंत्रमानव. आबांनी तो एका मंगल कार्यालयाकडून जुना घेतला होता. दहा वर्षं समया आणि घागरी घासण्यात गेल्यामुळे त्याची भाषा तशीच राहिली होती.

आबा स्टुलावर बसले. "रडायचं नंतर. आधी हिशोब लावू. पहिला ठोकळा कसा बिघडला?"

"मी झटपट गोंद लावला आणि नळी भोकात अर्ध्यावरच अडकली."

"का अडकली? तो गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. आपल्या कोकणात ओलावा काय कमी आहे? नळी आत जायच्या आतच तो आवळला. म्हणून दुसऱ्या वेळी आपण इपॉक्सी घेतलं. त्याचे दोन भाग असतात: एक राळ (जाड, चिकट द्रव) आणि दुसरं कठीणक (राळेला कडक करणारं द्रव). दोन्ही सारखे घेऊन नीट ढवळायचे."

कालपासून हेच चार्वीच्या मनाला खात होतं. "आबा, तुम्ही साठ वेळा ढवळायला सांगितलं होतंत. माझे मोजताना पन्नासच झाले असतील. म्हणूनच बिघडलं असेल."

"असेल म्हणून चालत नाही गो, बघावं लागतं. ती वाटी आण."

वाटीच्या तळाशी उरलेला गोंद वाळला होता. आबांनी त्यावर खिळा दाबला. ओरखडाही उमटला नाही.

"दगडासारखा झालाय. म्हणजे ढवळणं बरोबर होतं. तुझ्या हाताची चूक नाही."

चार्वीने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा भुसा उडाला. हात आपलाच वाईट, असं ती दोन दिवस धरून बसली होती.

"आता दुसरा प्रश्न. गोंद कुणी सोडला? लाकडाने की पितळेने?" आबांनी भिंग पुढे केलं.

चार्वीने ठोकळ्याच्या भोकात पाहिलं. आत गोंदाचा पिवळसर थर जसाच्या तसा होता. मग तिने नळी पाहिली. नळी कोरी करकरीत, आरशासारखी.

"सगळा गोंद लाकडाकडेच राहिलाय! पितळेला चिकटलाच नाही."

"आता कसं! मग या नळीचं तू काय काय केलंस ते सांग."

"काही वाईट नाही केलं. उलट छान केली. आईसाठी होती ना! दिवाळीला समया घासतो तशी चिंच आणि मीठ लावून चकचकीत केली. आणि काळी पडू नये म्हणून खटपट्याने शेवटी तेलाचा हात फिरवला."

"खोबरेल, शुद्ध," खटपट्या छाती काढून म्हणाला. "तोंड दिसेल अशी चमक होती."

आबांच्या मिशीत हसू दिसायला लागलं. "चार्वी, फणस कापायच्या आधी आपण हाताला काय लावतो?"

"खोबरेल तेल."

"कशाला?"

"चीक हाताला चिकटू नये म्ह—" चार्वीचा शब्द तोंडातच राहिला. तिने नळीकडे पाहिलं, खटपट्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आम्हीच तेल लावलं! गोंद तेलाला चिकटला, पितळेपर्यंत पोचलाच नाही!"

"शाब्बास. आणि चकाकीचंही तसंच. गोंदाला पकडायला काहीतरी लागतं. नळीवर बारीक ओरखडे असले की तो त्या खाचांत उतरतो आणि तिथेच कडक होतो. झाडाची मुळं मातीत शिरतात ना, तसंच. दोन वेगळ्या पदार्थांच्या या एकमेकांना धरून राहण्याला आसंजन म्हणतात. गुळगुळीत पितळेवर ते कच्चं राहतं."

"म्हणजे जितकी चमक जास्त, तितकी पकड कमी?"

"नळीच्या बाबतीत तरी हो. आणि लाजू नकोस. माझ्या पहिल्या प्रयोगात मीही धातूची पट्टी घासून लखलखीत केली होती. साहेबांना दाखवायची हौस! सगळ्यांसमोर पट्टी खाली पडली."

चार्वी खळखळून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

खटपट्या मात्र घड्याळाकडे बघत होता. "साडेदहा झाले. इपॉक्सी पक्कं व्हायला चोवीस तास लागतात. झटपट गोंद दहा सेकंदांत वाळतो. मुहूर्त टळेल."

चार्वीलाही क्षणभर मोह पडला. पण तिने विचार केला. "चंद्रावरच्या तळात हवा कोरडी असते ना, आबा? मग लाकूड आकसेल. पितळ नाही आकसणार."

"आणि तापलं की पितळ पसरतं. त्याला प्रसरण म्हणतात. लाकूड एका चालीने, पितळ दुसऱ्या. मधल्या गोंदाला थोडं सोसावं लागतं. झटपट गोंद चिक्कीसारखा आहे, कडक पण काटकन मोडणारा. सावकाश वाळणारं इपॉक्सी आंबापोळीसारखं थोडं लवतं. शिवाय भोक नळीपेक्षा किंचित मोठं असतं, ती फटही ते भरून काढतं."

"मग थांबायचं," चार्वी म्हणाली.

तिने नवी नळी घेतली आणि सँडपेपरने आडवी-तिरपी घासली, पार मंद, खरखरीत होईपर्यंत. तिची चमक जाताना खटपट्याने डोळ्यांचे दिवे मिटून घेतले. मग तिने स्पिरिटने नळी पुसली. बोटांनाही तेल असतं, म्हणून पुढे ती चिमट्यातच धरली. गोंद नळीच्या आत शिरू नये म्हणून कच्च्या बटाट्याच्या चकतीत दोन्ही टोकं दाबून बुचं बसवली. राळ आणि कठीणक सारखं घेतलं आणि साठ वेळा ढवळलं, या वेळी मोठ्याने मोजत. थोडा गोंद भोकात, थोडा नळीवर लावून नळी गोल फिरवत आत सरकवली. शेवटचा ठोकळा आबांनी खिडकीत ठेवला. अकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चार्वीने ठोकळ्याकडे किती वेळा पाहिलं, ते खटपट्याने मोजलं होतं: एकशे बारा. मग बटाट्याची बुचं काढली, चार्वीने लेथवर लाकूड कातलं आणि खटपट्या थांबवायच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिला. पेन जोडून पेटीत गेलं. ही आबांची हवामानपेटी. दोन तासांत ती आतली हवा कोरडी करी, तापवी आणि थंड करी.

तीनला झाकण उघडलं. चार्वीने पेनाचं एक टोक सोडवलं, चिमट्याने नळी धरली आणि पिरगळली.

नळी हलली नाही.

तिने जोर लावला. आबांनी जोर लावला. खटपट्याने लावायच्या आधी त्याला थांबवलं. नळी आपल्या जागी घट्ट बसलेली होती. चार्वी हसता हसता रडायलाच लागली, इतकं तिला हलकं वाटलं. मग तिने पेनाचं टोक परत घट्ट बसवलं. चार वाजता ड्रोन आलं आणि पेन घेऊन गेलं.

दीड महिन्याने चंद्रावरून एका कागदाचा फोटो आला. आईचंच अक्षर, थोडं गिचमिड.

"चार्वी, तुझ्या पेनाने लिहितेय. पालकाला पहिलं पान फुटलं. लिहिताना लाकडाचा वास येतो आणि तुझा पाळणा आठवतो. बाकी सगळं ठीक, पण माझ्या बिछान्याजवळची कपडे अडकवायची पितळी कडी भिंतीवरून सारखी सुटते. मी रोज पुसून लख्ख करते आणि पुन्हा चिकटवते, तरी पडतेच."

चार्वीने आबांकडे पाहिलं. आबा खो खो हसत होते. कोपऱ्यात खटपट्याने मान खाली घातली.

चार्वीने कागद ओढला आणि उत्तर लिहायला घेतलं. "आई, चिमटा, स्पिरिट आणि सँडपेपर घे. पण आधी सांग, तू कडीला तेल तर लावलं नाहीस ना?"