निळी ज्योत विझण्याआधी

चहा गार होऊ देऊ नका पोरांनो, ही गोष्ट मध्ये थांबवता येत नाही. माझ्या मेहुण्याची, मेदेरची आहे. नारिनच्या वरच्या आळीतलं त्याचं घर तुम्ही पाहिलंय.

गेल्या जानेवारीची सतरा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी मेदेर बादली घेऊन कोळसा मागायला निघाला. घाट बर्फाने बंद, ट्रक पलीकडे अडकलेला. ज्या डोंगरातून कोळसा निघतो, त्याच्याच पायथ्याशी लोक काकडत होते. घरात बायको गुलझात आणि दिवस भरण्याआधीच जन्मलेलं तान्हं पोर. खोली गार पडली तर ते सकाळ बघणार नाही, असं नर्सने सांगितलं होतं. आणि मेदेर, जो नुसत्या बादलीकडे बघून सांगायचा की ही पहाटेपर्यंत पुरेल, त्याचा अंदाज त्या थंडीत रोज चुकत होता.

चार घरी मागितलं. कुणी दार उघडलं, कुणी नुसता पडदा हलवला. सगळ्यांच्याच घरी पोरं होती. शेवटी उरलं शेजारच्या सायरा आपाचं बंद घर. म्हातारी आदल्या हिवाळ्यात गेली. कोळसा पुरावा म्हणून तिने धुराड्याची झडप लवकर लावली. निखाऱ्यांचा विषारी वायू खोलीत साठला आणि ती झोपेतच गेली. तिच्या पडवीत अजून थोडा चुरा होता. मेदेरने बादली भरली, घराकडे बघून म्हणाला, "उसना नेतोय, आपा. बर्फ वितळला की फेडीन."

आतून कुणीतरी खोकलं.

वारा असेल, असं म्हणत तो जवळजवळ पळतच घरी आला.

भट्टी पेटली. पोर निजलं. मेदेर झडप लावायला उठला. झडप म्हणजे एक लोखंडी पट्टी, धुराड्यात आडवी सरकवायची. तिची मूठ त्यानेच ठोकून वाकवली होती.

गुलझात म्हणाली, "अहो, निखाऱ्यांवर निळी ज्योत आहे अजून, म्हणजे वायू निघतोय. ती विझू तर द्या."

"तोवर सगळी ऊब आभाळात जाईल. आभाळ बाळंत झालंय का?"

ती हसली नाही. त्याने पट्टी आत ढकलली.

खोली ऊबदार झाली. छान ऊबदार. डोकं जड झालं...

मग खोकला.

धुराड्यात.

मग भट्टीच्या आत... लोखंड विटेवर घासल्याचा आवाज. हळू. फार हळू.

मेदेरला उठायचं होतं. पाय हलेनात. गुलझातला हाक मारली. तोंडातून नुसती हवा...

मग पोर रडलं.

तो जागा झाला तेव्हा खोलीचा बर्फ झाला होता. दोघंही ओकत होती. पोराचे ओठ निळे, पण श्वास होता. झडप जागेवर नव्हती. पट्टी मुळापासून उपसलेली, धुराडं सताड उघडं, कोळशाची राख. पहाटेपर्यंत त्यांनी कपाट जाळलं, फळ्या जाळल्या, शेवटी पाळणा जाळला. पोर आईच्या पोटाशी.

सकाळी खालच्या गावातून मी घोड्यावर पोतंभर कोळसा घेऊन पोचलो. पोर वाचलं. पट्टी मात्र घरभर शोधूनही सापडेना. मेदेर खिडकीतून शेजारच्या घराकडे बघत उभा होता.

आम्ही गेलो. कुलूप गंजलेलं. दारापुढचा बर्फ कोरा, एक पाऊल नाही. कुलूप फोडलं. वर्षभर न पेटलेली भट्टी, तोंडाशी कोळ्याची जाळी धरलेली. मी तिचं दार उघडलं.

आत पट्टी होती. वाकड्या मुठीची.

मी उचलायला गेलो...

हा माझा हात बघा. दिव्याजवळ या. चार बोटांवर, आडवा. भाजल्याचा व्रण आहे हा.