दोरावरचा भार

दोर आणायला मीच गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "काय बाबा, विहिरीला का?" म्हटलं, "नाही, कड्यावरून उतरायला." तो हसला, मीही हसलो. त्या दिवशी हसू लवकर येत होतं.

आम्ही तिघं जन्मभर उंच भिंती आणि धुराडी रंगवत आलो, दोराला लटकून. मी, माझा मेहुणा आणि आमचा दोस्त, ज्याला सगळे बुटका म्हणतात. आता तिघंही घरी बसलेले. बुटक्याच्याच डोक्यातून निघालं, "पोटासाठी इतकं लटकलो, एकदा हौसेनं लटकू." माझी बायको म्हणाली, "जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि निघाले कडा उतरायला." पण डबा तिनंच भरून दिला.

कडा फार उंच. वरून वाकून पाहिलं तरी पायथा दिसत नाही, मध्येच खडकाचं पोट पुढे आलेलं. झाडाच्या बुंध्याला दोर बांधला. आमच्या कामात एक रीत होती. वरच्या माणसानं दोरावर तळवा ठेवायचा, आणि दोरावर भार आहे तोवर तो काढायचा नाही. लटकलेल्याला वरचं काही दिसत नाही, पण तिथे कुणाचा तरी हात आहे, एवढ्यावर तो निर्धास्त असतो. माझा हात असा कितीतरी जणांसाठी राहिलेला आहे.

आधी बुटका उतरला, मग मेहुणा. दोर सैल पडला. मेहुण्याचा फोन आला, "पोचलो. या आता, दाजी." ऊन उतरलं होतं. दरीतून धुकं वर चढायला लागलं होतं. मी कमरेची कडी दोरात अडकवायला वाकलो, आणि दोर ताणला गेला.

हळूच. कुणी सावकाश अंग टाकावं तसा.

मी फोन लावला. "दोर कोण ओढतंय?"

"कोणी नाही. आम्ही लांब बसलोय, चहा पितोय."

मागून बुटका ओरडला, "घाबरलाय म्हातारा! त्याला म्हणावं, जिन्यानं ये!"

मी फोन खिशात टाकला आणि दोरावर तळवा ठेवला. दगड अडकला तर भार मुका असतो. हा तसा नव्हता. माणूस लटकला की त्याचा श्वास दोरातून हाताला कळतो... तो कळत होता. आणि खालून वास येत होता, ओल्या चुन्याचा.

"कोण आहे?" मी विचारलं.

दोराला दोन हलके हिसके बसले. आमच्यात त्याचा अर्थ, दमलोय, वर घ्या. आमचे दोघं तर खाली चहा पीत होते. मग आमची ही खूण कुणाला येत होती?

मी हात काढला. चाकू काढून कडेवरून वाकलो. ताणलेल्या दोराला पातं नुसतं लागलं तरी पुरतं.

दोर कड्यावरून गेला. किंकाळी नाही, आपटल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

फोन वाजला. "दाजी, दोर खाली आला की!"

"खडकाला घासून तुटला," मी म्हणालो, आणि मागच्या पायवाटेनं उतरलो. पायथ्याशी बॅटरी घेऊन झुडूप न् झुडूप पाहिलं. बुटका म्हणाला, "काय हरवलं रे तुझं?" कोणी पडलेलं नव्हतं. पण कापताना हे मला कुठे ठाऊक होतं? कापताना माझ्या लेखी तिथे माणूस होता.

झोप गेली. बायको विचारायची, मी पित्त म्हणायचो. शेवटी बुंध्याला राहिलेला तुकडा सोडून आणू, असं सांगून मेहुण्याला घेऊन परत गेलो. त्याला चढून धाप लागली होती. तो पायवाटेवर थांबला, मी पुढे झालो.

तुकडा ताठ होता. बुंध्यापासून कडेपर्यंत, आणि कडेवरून खाली वाकून कापलेल्या टोकापर्यंत ताणलेला. टोकाला काही नव्हतं.

मी बसलो. तळवा ठेवला. कोणीतरी चढत होतं. एक झटका, मग विसावा... पुन्हा झटका. मनात म्हटलं, येऊ दे बिचाऱ्याला वर, पाया पडेन त्याच्या. दमलेल्याला वरून एक शब्द लागतो. "ये, मी आहे." तेवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

चढणं कडेच्या हातभर खाली येऊन थांबलं. ते कशासाठी थांबलंय, मला ठाऊक होतं. तिथून पुढे वरच्यानं हात द्यायचा असतो.

मी उठलो आणि निघालो. मागे पाहिलं नाही.

पायवाटेवर मेहुणा उभा होता, चेहरा पांढराफटक. "दाजी, कुणाशी बोलत होता तुम्ही?"

"मी? कुणाशी नाही."

"ऐकलं ना मी. तुमचाच आवाज. 'थांब हं... आलोच,' असं म्हणालात."

मी तोंड उघडलंच नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

तो माझ्या खांद्यावरून कड्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मग खालून कुणीतरी म्हणालं... 'बरं.'"