घरच्या आवाजातला ईमेल

हर्णैच्या समुद्रात त्या सकाळी प्रत्येक बोटीवर तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, बायको ओरडली, आणि बायका तर सगळ्या घरी होत्या!

"अहो, ऐकलंत का? काल परत टोपी विसरलात!"

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मुरली चोगले टेबल बडवत हसत होता. पन्नाशी उलटली तरी कार्ट्याची मस्ती जात नव्हती. कॉम्प्युटरवर बोटींकडून उत्तरं टपाटप येत होती. बाळा तांडेलाने लिहिलं होतं, "मुरल्या, चहा सांडला माझा. किनाऱ्याला येऊ दे, मग बघतो तुला."

"मामा, पुरे आता!" भाची प्रचिती म्हणाली, पण हसू तिलाही आवरत नव्हतं.

मुरलीने बनवलेल्या त्या प्रोग्रामचं नाव 'निरोप्या'. सोसायटीला ईमेल आला की निरोप्या तो वाचायचा, चार शब्दांत आणायचा आणि बोटींवरच्या फोनांना पाठवायचा. टॉवरची गरजच नाही. एका बोटीवरचा फोन शेजारच्या बोटीला निरोप द्यायचा, ती तिच्या पुढच्या बोटीला. आणि खरी चावट करामत पुढेच होती. घरच्या नंबरवरून आलेले जुने आवाजी मेसेज चाळून निरोप्या थेट घरच्याच आवाजात बोलायचा.

"सरकारी भाषेला कोण विचारतो गं?" मुरली म्हणाला. "बायको ओरडली की बघ कसे पळत येतात!"

दुपारी खराच ईमेल आला. हवामान खात्याचा. लांबलचक, पण मतलब एकच, वादळ येतंय.

मुरलीने बटण दाबलं. "वारा फिरलाय. मुकाट्याने घरी या!" निरोप गेला आणि स्क्रीनवरचे बोटींचे ठिपके एकेक करून बंदराकडे वळायला लागले.

"वळली! बाळाची वळली! अगं, ती बघ, ती पण!" मुरली खुर्चीवर उभाच राहिला.

"मामा, बाबा वळले नाहीत."

सगळ्यात लांबचा ठिपका, काशिनाथ पावसे. प्रचितीचे वडील, मुरलीचे भावोजी. गेल्या वर्षी त्यांची बायको यमुताई वारली, तेव्हापासून ते सगळ्यांच्या पुढे जायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांच्या नावापुढे घरचा नंबर मुरलीने मुद्दाम टाकला नव्हता. त्यांना निरोप गेला तो प्रोग्रामच्या साध्या, कोरड्या आवाजात.

मुरलीने परत पाठवला. परत पाठवला. ठिपका पुढेच.

प्रचितीने आपला फोन पुढे केला. "आईचे मेसेज आहेत यात. घाल."

"अगं बाई, ही मस्करी करायची गोष्ट नाही."

"मग मस्करी करू नकोस. घाल, मामा!"

मुरलीने मेसेज घातले. निरोप गेला आणि इकडे स्पीकरवरही वाजला. अगदी यमुताई, तीच शेवटी वर जाणारी हाक. "अहो, वारा फिरलाय. आता या बघू घरी."

प्रचितीने तोंडावर हात धरला.

ठिपका थांबला. मग वळला.

"वळले!" मुरलीने उडीच मारली, भाचीला मिठी मारली, डोकं पंख्याला आपटता आपटता वाचलं.

पाऊस कोसळायला लागला तेव्हा काशिनाथ निथळत ऑफिसच्या दारात उभे होते. मुरलीने गाल तयारच ठेवला.

"मुरल्या, तुझंच काम ना?"

"मी सांगितलं त्याला, बाबा," प्रचिती म्हणाली.

"ती नाही, हे कळलंच होतं मला." काशिनाथ खाली बसले. "ती कधी एकदा सांगून गप्प बसली होती? हा आवाज एकदाच बोलला."

"मग वळलात कसे, भावोजी?"

"आवाज तिचाच होता ना."

काशिनाथांनी कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं,

"वादळ नसलं, तरी तिचा निरोप येईल का रे?"