चौदा झावळ्यांचा फरक

आमच्या बेटावरची सदुसष्ट माणसं एक जानेवारीला जन्मलेली आहेत. निदान त्यांच्या ओळखपत्रांवर तसं छापलं आहे. मोठ्या वादळात गावची जन्माची वही समुद्रात गेली. त्यानंतर कार्डं काढायला जी माणसं आली, त्यांनी ज्याला तारीख सांगता येईना त्याला एक जानेवारी देऊन टाकली. माझी मावशी आणि तिचा नवरा एकाच दिवशी जन्मले. मावशी अजून म्हणते, "बरं झालं बाई, एका केकात भागतं."

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि राजधानीत, सुवाला, वय पडताळणाऱ्या एका कचेरीत लागले. कोर्टाला एखाद्याच्या वयाची शंका आली की फाइल आमच्याकडे येते. आमचे गाउंडर साहेब पहिल्याच दिवशी शिकवतात, की कार्डावर एक जानेवारी दिसली की थांबायचं. ती तारीख म्हणजे कोणीतरी खांदे उडवल्याची खूण असते.

एपेलीच्या कार्डावर सतरा जानेवारी होती.

"अशी नेमकी तारीख कोण बनवून सांगतं?" साहेब म्हणाले. "कार्ड खरं आहे, विलिमाइना. पण तू त्याच गावची आहेस, जाऊन ये. शुक्रवारी अहवाल हवा."

एपेलीने वीस मार्चला दुकानदाराची बोटींची शेड पेटवली होती. आत माणूस झोपला आहे हे त्याला माहीत नव्हतं. माणूस जगला, पण त्याचे दोन्ही हात भाजले. कार्डाप्रमाणे एपेली त्या दिवशी अठरा वर्षं दोन महिन्यांचा होता, म्हणजे मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचा तुरुंग. त्याची आई केलेरा म्हणत होती की तो सतराच पुरा झाला होता. सतरा असेल तर बालगृह. आईच्या म्हणण्याला कागद नव्हता.

मी बुधवारी, पंधरा जुलैला, सकाळी बोटीतून उतरले. ज्याचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी भेट म्हणून गावप्रमुखाच्या पुढ्यात ठेवली, रीतीचे चार शब्द बोलले आणि सरळ केलेराकडे गेले. ती चटईवर कसावा सोलत होती.

"आलीस? कार्डवाली बाई होऊन आलीस?" तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "लहानपणी माझ्या घरी जेवून जायचीस."

"अजूनही जेवेन. आधी सांग, सतरा जानेवारी कुठून आली?"

तिचा सुरा थांबला.

"ती मोठ्याची. एपेलीच्या आधी एक झाला होता. त्याचंही नाव एपेलीच. तिसऱ्या दिवशी गेला. वादळातून डब्यातला एकच कागद वाचला, तो त्याचा. कार्डवाले म्हणाले कागद द्या. दिला. नाव तेच होतं." तिने कसाव्याचा तुकडा पाण्यात टाकला. "आता सांगते तर म्हणतात, आई आहे, खोटं बोलणारच."

"दुसरा कोणी साक्षीदार?"

"बुबू उनाइसी आहे ना. माड कोणी लावले?"

बुबू म्हणजे आजी. पण उनाइसीला सगळं गावच बुबू म्हणतं. आमच्याकडे बाळाची नाळ गळली की ती पुरतात आणि वर कोंब आलेला नारळ लावतात. गेली पन्नासएक वर्षं ते काम बुबूच करते. कोणाचा माड कुठला हे तिला तोंडपाठ आहे. मी दहा वर्षांची असताना ताप आला होता, तेव्हा तिने मला नारळाच्या दुधातला मासा भरवला होता. त्याची चव मला अजून आठवते.

ती देवळामागच्या माडांच्या राईत झावळ्या गोळा करत होती. कंबर ताठ, पाय अनवाणी.

"माइना! किती वाळलीस गं. सुवात जेवायला देत नाहीत का?"

"देतात बुबू. मला एपेलीचा माड दाखव."

"दाखवते. पण आधी तुझं यंत्र खरं बोलतं का ते बघू."

यंत्र म्हणजे माझा लांबचं टिपणारा कॅमेरा आणि बोटाने दाबायचं मोजणीचं क्लिकर. माडाची झावळी गळते तेव्हा खोडावर कड्यासारखा वण राहतो. वर्षाला बारा ते चौदा झावळ्या गळतात, पाऊस दडला तर दहाच. शिवाय खोड जमिनीवर दिसायलाच चार-पाच वर्षं लागतात, त्याआधीचे वण बुंध्यात दबलेले असतात. म्हणून वणांवरून वय काढलं तर दोन वर्षं इकडेतिकडे होतात, आणि मला महिने हवे होते. हे मी बुबूला समजावून सांगितलं.

"दोन वर्षं?" ती हसली. "चंद्र कधी दोन वर्षं उशिरा येतो का?"

तिचं म्हणणं साधं होतं. दर अमावास्येला एक झावळी. ना कमी, ना जास्त.

मी पद्धत सोडली नाही. ज्यांचे जन्म सुवाच्या इस्पितळात झाले आणि ज्यांचे कागद पक्के आहेत अशी अकरा माणसं निवडली. बुबू त्यांच्या माडांपाशी मला घेऊन गेली. प्रत्येक बुंध्याची माती ती बोटांनी उकरायची, दबलेले वण मला दाखवायची, मग खोडावर तळवा टेकून डोळे मिटायची आणि आकडा सांगायची. मी खालपासून वरपर्यंत फोटो काढून क्लिकरने मोजायचे. त्यानंतर जन्मतारखेपासून किती अमावास्या झाल्या ते वहीत मांडायचे.

अकराही वेळा तिन्ही आकडे सारखे आले.

अकरा मोजण्यांत एकाही वणाचा फरक नसणं प्रयोगशाळेत कधी होत नाही. तसं झालं की आम्ही उपकरण तपासतो. शिवाय माडाची पहिली झावळी पहिल्या महिन्यात गळतच नाही, म्हणजे सगळे आकडे कमी यायला हवे होते. अकरा माडांपैकी एक माझा होता. तीनशे दोन वण. त्यातला सगळ्यात वरचा अजून ओला, पिवळट होता.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. जे करायला मला कॅमेरा, वही आणि दुपार लागली, ते ही बाई तळव्याने वाचत होती.

मग ती मला एपेलीच्या माडाकडे घेऊन गेली. त्याच्या शेजारी गुडघाभर उंचीचं रोप होतं. दोन हिरवी पानं, खाली नारळ अजून तसाच चिकटलेला.

"हे यंदाचं?" मी विचारलं.

"मोठ्याचं," बुबू म्हणाली. "तीन दिवसांचं."

मी खाली बसले. पानं तजेलदार होती, नारळाचं सोडण कडक होतं. अठरा वर्षं त्या रोपाने एक पानसुद्धा टाकलं नव्हतं. आणि ते मेलंही नव्हतं.

"माणूस थांबला की माड थांबतो," ती म्हणाली, आणि रोपाजवळचं गवत उपटू लागली.

एपेलीचे वण मी तीनदा मोजले. दोनशे चौदा. कार्ड खरं असतं तर दोनशे अठ्ठावीस आले असते. चौदा झावळ्यांचा फरक. सतरा वर्षं आणि साडेचार महिने, म्हणजे आग लागली त्या दिवशी सतरा पूर्ण होऊन दोन-अडीच आठवडेच झाले होते. केलेरा खरं बोलत होती.

"झालं ना?" बुबूने विचारलं.

"तुझं शपथपत्र लागेल. दोन्ही माड तू लावलेस, कधी लावलेस, ते. कोर्ट माडाला बोलवू शकत नाही."

"बोलवलं तर जाईल बिचारा." ती स्वतःच्याच विनोदावर हसली आणि कार्ड आणायला घरी गेली.

मी सावलीत बसून अर्ज भरू लागले. साक्षीदाराचं नाव. साक्षीदाराचं वय. वयाचा पुरावा. ती परत आली, तिने कार्ड दिलं. फोटो तिचाच. उनाइसी, वय एकाहत्तर, मुदत अजून चार वर्षं.

"तुझा माड कुठला, बुबू?"

तिने हनुवटीने दाखवला. राईच्या कडेला, समुद्राकडे झुकलेला, उंच. मी कॅमेरा उचलला. एकाहत्तर वर्षं म्हणजे आठशे सत्तरच्या पुढे. बारावी नोंद झाली असती.

आकडा सहाशे त्रेचाळीस आला.

मी पुन्हा मोजलं. सहाशे त्रेचाळीस. बावन्न वर्षं.

सगळ्यात वरच्या वणावर जाड, जुनं शेवाळ होतं. शेंड्याला झावळ्या हिरव्यागार होत्या. खाली वाळूत एकही पडलेली नव्हती.

एकोणीस वर्षं. एपेली सतराचा होता. त्याची नाळ तिने पुरली होती. मला मासा भरवला त्याला चौदा वर्षं झाली होती.

"बुबू, तुझी झावळी..."

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे शांत होते, जरा थकलेले. "पण मोजायला कोणीतरी हवं ना, पोरी. पोरं होतच राहतात."

मी वहीकडे पाहिलं. बारावी ओळ रिकामी होती. ती लिहिली असती तर माझी पद्धत पूर्ण झाली असती आणि माझा साक्षीदार गेला असता. साक्षीदार गेला असता तर एपेली गेला असता.

मी वही मिटली. वयाच्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, ओळखपत्र.

गुरुवारी सकाळच्या बोटीने मी निघाले. शुक्रवारी गाउंडर साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. अकरा ओळींचा तक्ता पाहून ते म्हणाले, "शून्य फरक. मला खोटं वाटलं असतं, पण तू खोटं करणाऱ्यातली नाहीस." कोर्टाने तो तक्ता आणि शपथपत्र मानलं. एपेली आता बालगृहात सुतारकाम शिकतो. केलेराने मला खारवलेल्या माशाचा डबा पाठवला, त्यात चिठ्ठी होती: जेवत जा.

साहेबांनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. "हिचं कार्ड तरी विश्वासाचं आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही. शपथपत्रावर अंगठा घेताना मी तिचं मनगट धरलं होतं, शाई पसरू नये म्हणून नीट, घट्ट. हात कोरडा होता, खोडासारखा, आणि भर दुपारीही गार. माझी बोटं नेमकी नाडीवर होती. सवयीने मी मोजायला लागले.

बुबूने दुसऱ्या हाताने माझी बोटं हळूच सोडवली.

मी अजून शून्यावरच होते.