मेलेला ठिपका

बुद्धविहाराच्या कमिटीतल्या रत्नपाल सरांचा फोन आला तेव्हा हवालदार पंचफुलाबाई हट्ट्यातल्या आपल्या घरी भाकरी थापत होत्या.

"बाई, जरा विहारात या. साक्षीनं दानाचे स्क्रीन खराब केलेत. संध्याकाळी कमिटी बसून तिची किल्ली काढून घेणार. त्याच्याआधी तुमी एकदा बघा."

साक्षी विहाराच्या अभ्यासिकेची किल्ली सांभाळायची. बँकेची परीक्षा तोंडावर आलेली, आणि घरी सगळ्यांना मिळून एकच खोली. किल्ली गेली की परीक्षा गेलीच. वर दानाच्या वस्तूची नासाडी केली हा डाग जन्माचा.

अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरचे स्क्रीन चार होते. बुद्धपौर्णिमेला गावातल्या नोकरदारांनी कोरे करकरीत आणून दिलेले. प्रत्येकाच्या कपाळावर 'धम्मदान' अशी चिठ्ठी. आता आषाढ चालू होता.

बाई विहारात आल्या तशी साक्षीनं एक स्क्रीन चालू करून पडदा काळा केला. कोपऱ्यात हिरवा ठिपका चमकला. शेजारच्यावर लाल.

"ओल्या फडक्यानं घासून मारले हिनं," सर म्हणाले. "तातेराव सांगून राहिला."

तातेराव म्हणजे गावातला दुरुस्तीवाला.

पंचफुलाबाईंनी स्क्रीन बंद केला. ठिपका गेला.

"वरची घाण असती तर बंद केल्यावरबी दिसली असती. खोट आतलीच हाय."

मग त्यांनी स्क्रीनची पाठ फिरवली आणि तोंडाला पदर लावला. शी! हवेच्या फटींत झुरळांच्या लेंड्या, उंदराच्या मुताचा वास, आणि कडेला वाळलेलं लाल काहीतरी. त्याला लागून पिवळं.

"गुटखा थुंकलाय कुणीतरी," सर म्हणाले.

"पाठीमागं जाऊन? काहून?"

सर वाकून नीट बघू लागले. बाई साक्षीकडं वळल्या.

"साक्षी, पयल्यांदा काय बिघडलं होतं?"

"एकाच स्क्रीनवर बराबर मधी काळा ठिपका होता. म्या तातेरावकाकाला दाखवला. ते म्हणले, चारीबी दुकानात तपासून देतो."

"परत आल्यावर?"

"काळा गेला. पण हे रंगीत आले. म्या सांगितलं, तर म्हणले, तूच घासलं असंल."

तातेरावच्या दुकानात पाय ठेवायलाही किळस येत होती. माणूस बोलला की गुटख्याचे शिंतोडे उडायचे. टेबलाखाली पिचकाऱ्यांनी भरलेली बादली, आणि तिच्याच काठावर चहाचा कप! मात्र ड्रिल मशीन असो की जुना पंखा, एकूणएक वस्तूवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, खंडेनवमीची पूजा," तातेराव अभिमानानं म्हणाला. "वर्षभर पुसत न्हाई आमी. या ना ताई, बसा!"

"ठिपके कसे बरे करता तुमी?"

"लाल, हिरवा असंल तर तो अडकलेला असतो. रंग भराभर फिरवले की कधी कधी सुटतो."

"अन् काळा?"

तातेराव बादलीत पचकन थुंकला. "काळा म्हंजे मेला, ताई. मेलेला उठत न्हाई. बनवणाऱ्याच्या बापालाबी न्हाई उठवता येत."

"संध्याकाळी विहारात या. कमिटीला हेच सांगा."

संध्याकाळी कमिटी बसली. साक्षी रडून रडून सुजलेले डोळे घेऊन भिंतीशी उभी. तातेराव ऐटीत आला. मेलेला उठत नाही, हे त्यानं सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं.

"मग पोरीनं दाखवलेला काळा ठिपका गेला कुठं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

तातेरावचं चघळणं थांबलं.

"ठिपका न्हाई गेला. स्क्रीनच गेला. तुमी नवे चारी ठेवून घेतले अन् आपले जुने भंगार इथं आणून मांडले. वरची चिठ्ठी तेवढी सोलून चिकटवली."

"खोटं हाय! पुरावा काय?"

त्यांनी ओलं फडकं स्क्रीनच्या पाठीवरून फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. लाल आणि पिवळं.

"हा गुटखा न्हाई, हळदकुंकू हाय. विहारात आमी फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो. मशीनला हळदकुंकू कोण लावतं?"

"दुकानात आला की... आमी समद्याच मालाला..."

"खंडेनवमीला लावता, तुमीच सांगितलं. बुद्धपौर्णिमेला आलेल्या मालाला मागच्या दसऱ्याचं कुंकू कसं लागलं, तातेराव? पूजेचं कुंकू पुसायला तुमचा हात धजला न्हाई. चोरी करायला बरा धजला! अन् वर आळ घेतला लेकरावर."

तेवढ्यात पंचफुलाबाईंनी दुकानाच्या झडतीला पाठवलेला शिपाई जगन आत आला. गोणपाटात गुंडाळलेले चारही स्क्रीन तातेरावच्या माळ्यावर सापडले होते. एक जोडून पडदा पांढरा केला. बराबर मधी, तिळाहून बारीक, काळा ठिपका.

"चुकलं," तातेराव पुटपुटला. "वाटलं, फुकटात आलेलं. इथं कोण एवढं बारीक बघतंय."

पंचफुलाबाईंना दिवसभराच्या सगळ्या घाणीपेक्षा या वाक्याची जास्त शिसारी आली. "न्या याला," त्या जगनला म्हणाल्या.

साक्षीनं कमिटीपुढं आणून ठेवलेली किल्ली सरांनी उचलली. "घे, पोरी."

साक्षीनं हात पुढं केला नाही. "आधी कमिटीपुढं म्हणा, सर."

"काय?"

"म्या काहीच खराब केलं न्हाई, असं."

सरांनी मान खाली घातली. मग तेच वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

साक्षीनं किल्ली घेतली, ओढणीनं पुसली आणि अभ्यासिकेचं कुलूप उघडलं. त्या काळ्या ठिपक्याच्या स्क्रीनसमोरच ती अभ्यासाला बसली.